पापुद्रा

मेलेल्या माणसाचं पोस्टमॉर्टेम डॉक्टर करतात, फुटलेल्या नळीचं प्रणोती लोहार करायची. पुण्याच्या धातू-प्रयोगशाळेत बॉयलरच्या, रिफायनरीच्या, जहाजांच्या अशा कितीतरी नळ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्यातली एकही तिनं कधी नाकारली नव्हती. कातळवेळच्या अणुभट्टीतून आलेला तो करंगळीएवढा तुकडा मात्र तिला नको होता. त्या नळीनं एक माणूस खाल्ला होता. आणि ती नळी ज्या भांड्यात बसवलेली होती ते भांडं तिच्या वडिलांच्या हातचं होतं.

हे तिनं लपवलं नव्हतं बरं का. पहिल्याच दिवशी गद्रे सरांच्या केबिनमध्ये जाऊन तिनं सांगून टाकलं होतं, की सर, हे काम मला देऊ नका. पण अणुवाचक यंत्र चालवणारी माणसं देशात होती किती? गद्रे सर चष्मा पुसत म्हणाले, "वाचायचं तू, सही करायची मी. आणि जे दिसेल ते दिसेल. तुझे वडील मध्ये आले म्हणून अणू काही जागा बदलत नाहीत."

कोळसा बंद झाल्यापासून महाराष्ट्रात दोन-तीन तालुक्यांमागे एक छोटी अणुभट्टी आली होती. या भट्ट्यांना वाफेची भांडी लागत, आणि त्यातली निम्मीअधिक कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात घडत. भांडं म्हणजे दुमजली घराएवढा पोलादी रांजण. त्याच्या पोटात निकेलच्या मिश्रधातूच्या हजारो बारीक नळ्या, एका जाड ताटात ओवून बसवलेल्या. नळ्यांच्या आतून भट्टीचं कढत पाणी फिरायचं, त्या उष्णतेनं बाहेरचं पाणी उकळायचं, त्याची वाफ टर्बाइन फिरवायची. कातळवेळला यातली एक नळी फुटली, पाठोपाठ वाफेच्या वाहिनीचा सांधा उडाला आणि वाफखोलीत उभा असलेला दिगंबर राऊळ नावाचा फिटर भाजून गेला. हॉस्पिटलात पोचेपर्यंतही टिकला नाही बिचारा.

मग सुरू झालं ते आपल्याकडे नेहमी होतं तेच. चौकशी व्हायच्या आधी माणूस सापडला. पाण्याच्या शुद्धतेचा जिम्मा नीलकंठ मयेकर नावाच्या रसायनतज्ज्ञाकडे होता. निकेलच्या नळ्या सडतात त्या घाणेरड्या पाण्यानं, सबब पाणी घाण होतं, सबब मयेकर दोषी. त्यांना अटक झाली. आणि त्या अटकेला बळ दिलं ते त्या कारखान्याचे जुने मेस्त्री आनंदा लोहार यांनी, म्हणजे प्रणोतीच्या आबांनी. टीव्हीवाले त्यांच्या दारात गेले, तेव्हा पांढरी टोपी सारखी करून ते ठणकावून म्हणाले होते, "भांडं माझ्या हातचं हाय. त्यात खोट निघाली तर मिशी उतरवून देतो. पाणी बिघडवलं ह्यांनी." सगळ्या राज्यानं ते बघितलं. मेस्त्री बोलला म्हटल्यावर कोण शंका घेणार?

प्रणोतीनंही बघितलं होतं, आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले होते, की आबांचं खरं निघू दे. कारण खोट पाण्याची असेल तर प्रश्न कातळवेळपुरता होता. खोट भांड्याची असेल तर मोरण्याच्या अणुभट्टीचं भांडंही त्याच कारखान्यातलं, त्याच हातचं, आणि मोरण्याच्या वाफखोलीत तिचा धाकटा भाऊ रणजित रोज ड्यूटीला उभा असायचा.

निकेलचं कसं असतं, पाण्यात घातलं की त्याच्या अंगावर एक पापुद्रा धरतो. मिश्रधातूतलं क्रोमियम वर येतं, पाण्यातला ऑक्सिजन घेतं आणि केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी पातळ, घट्ट कातडी तयार करतं. हा एक प्रकारचा गंजच, पण राखणदार गंज. तीनशे अंशांच्या आसपासचं, दाबानं कोंडलेलं पाणी या कातडीला चाटत राहतं, आत शिरू शकत नाही. कुठं ओरखडा उठला तर कातडी आपली आपण भरून येते. नळी वर्षानुवर्षं टिकते ती निकेलच्या ताकदीवर कमी आणि या पापुद्र्याच्या भरून येण्यावर जास्त.

तो भरून येईनासा झाला, की संपलं. धातू हा बारीक कणांचा बांधलेला असतो, आणि कणाकणांमध्ये सांधे असतात. पाणी त्या सांध्यांतून आत सरकतं, एकेक सांधा गंजवत. वरून नळी नवी दिसते, आत भेग चाललेली असते.

आणि पापुद्र्याला भरून येऊ न देणारं सगळ्यात वाईट विष कुठलं म्हणाल, तर शिसं. अगदी चिमूटभर पुरतं. नळी जिथं ताटात शिरते तिथं एक चिंचोळी फट असते. तिथलं पाणी सतत उकळून जातं आणि त्यातलं जे काही असेल ते मागं साठतं, बंबाच्या तळाशी क्षार बसतात तसं. सगळ्या भांड्यातलं शिसं शोधत शोधत त्या फटीत येऊन बसतं.

अणुवाचकाचं काम होतं हा पापुद्रा वाचायचं. नळीच्या तुकड्यातून सुईहून बारीक टोक कोरायचं, विजेच्या झटक्यानं त्यावरचा एकेक अणू उडवायचा आणि प्रत्येकाचं वजन करायचं. हे यंत्र पूर्वीही होतं, पण आठवडे खायचं. नवं यंत्र दुपारच्या जेवणापर्यंत सांगून मोकळं व्हायचं. नुसतं काय आहे एवढंच सांगायचं नाही. पापुद्रा थराथरानं धरतो, त्यामुळे सगळ्यात जुना थर कुठला, नवा कुठला, कुठल्या थरात काय शिरलं, हेही दिसायचं. शिशाच्या बाबतीत तर आणखी पुढची गंमत होती. शिशाच्या अणूंची हलकी-जड वजनं खाणीखाणीप्रमाणे वेगवेगळ्या प्रमाणात असतात, म्हणून ते कुठल्या खाणीतून निघालं याचाही अंदाज यायचा.

पडद्यावर भेगेचं चित्र उमटलं आणि प्रणोतीची आशा संपली. भेगेच्या टोकापर्यंत शिसं होतं. ते बाहेरच्या नव्या थरांत तुरळक होतं, आणि सगळ्यात आतल्या, सगळ्यात जुन्या थरात गच्च.

"म्हणजे पहिल्या तापवणीपासून होतं," गद्रे सर मागे येऊन उभे राहिले होते. "मयेकर तेव्हा तिथे नोकरीलाही नव्हता."

"हो सर."

"भांडं कारखान्यातून निघतानाच शिसं पोटात घेऊन निघालं."

गद्रे सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जाऊन ये. वडिलांना विचार, आत शिसं कुठून गेलं असेल. रंग, डाग, काहीतरी असणार. ते एकाच भांड्यात गेलं की सगळ्यांत, हे कळल्याशिवाय मोरणं बंद करा म्हणून मी कुणाला सांगू? तीन तालुके अंधारात जातात."

ती घरी पोचली तेव्हा आबा सोप्यात बसून शेजारणीच्या विळीला धार लावत होते. रिटायर झाले तरी लोहाराचे हात गप्प बसतात होय? आई मेथी निवडत होती.

"मधल्याच दिवशी कशी आलीस गं? बरं हाय न्हवं?" आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "तोंड बघ कसं उतरलंय. काय खाती का न्हाई ही तिकडं, देवाला ठावं." आणि ती मेथी घेऊन आत गेली.

"टीव्हीवर बघितलंस का मला?" आबांनी विचारलं. "समदं गाव बघत हुतं."

"बघितलं आबा." ती त्यांच्या समोर जमिनीवरच बसली. "एक विचारायचं होतं. भांडं तयार होताना आत शिसं कुठून जाईल?"

"शिसं?" आबा हसले. "आमच्या शॉपमधी शिशाचं नाव काढायची सोय न्हवती. शिसपेन्सिल खिशाला दिसली तर साहेब अंगावर याचा." शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, हे सांगायचा मोह प्रणोतीनं आवरला. "पांढरा डगला, पांढरे मोजे. खडूनं खूण करायची न्हाई. घामाचा थेंब पडला तर स्पिरिटनं पुसायचा. एवढं सोवळं तुझ्या आज्जीनं पाळलं नसंल."

"मग रंग? बाहेरून लावतात तो?"

"तो लई पुढं. झाकण बसल्यावर." आबांनी विळी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट बघितलं. "का गं? तू कशापायी घाबरलीयास?"

"मला रणजितची भीती वाटते, आबा."

आता हे ऐकून माणसानं काय करावं? आबांनी मान मागं टाकली आणि मोकळेपणानं हसले. मग स्वयंपाकघराकडे एकदा बघून तिच्याजवळ सरकले, आवाज उतरवला.

"आजवर कुणाला बोललो न्हाई. तुला सांगतो, म्हंजे तुझा घोर मिटंल. शेवटची पुसणी झाली, साहेबानं आत बॅटरी मारून बघितलं, सही केली, की झाकण बसवाय मीच. तेवढ्यात खिशातनं शेंदूर काढायचा, आपल्या कारखान्याच्या गेटावरच्या म्हसोबाचा, आणि आतल्या ताटाला बोट लावायचं. देवाचं नाव घेऊन. मग झाकण. कुणाच्या बापाला पत्ता न्हाई."

प्रणोतीनं त्यांच्या बोटाकडे बघितलं.

"साहेब काय, मळ नको म्हणत्यात. बरोबरच हाय त्यांचं. पर देवाचा शेंदूर काय मळ हाय व्हय? एवढं मोठं भांडं, आत आग, पाणी, वाफ. त्याच्यापाशी लोकांची पोरं उभी ऱ्हाणार. राखण नको?"

"सगळ्या भांड्यांना लावलात?"

"एक चुकवलं न्हाई. माझ्या हाताखालची पोरंबी लावत्यात."

"आणि मोरण्याच्या?"

आबांच्या चेहऱ्यावर अशी काही माया दाटून आली, की तिला बघवेना. "तिथं आपला रणजित जायचा हुता," ते म्हणाले. "त्याला सबंध पुडी रिकामी केली बग."

शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. प्रणोतीनं हे शाळेत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि गेटावरच्या म्हसोबाला दर अमावस्येला तोच शेंदूर तेलात कालवून थापताना बघितलंही होतं. दोन्ही गोष्टी आयुष्यभर तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या आणि एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

सांगायला तर हवंच होतं. तिनं सांगितलं. पापुद्रा, भेग, फट, शिसं, सगळं. सोपं करून, लहान मुलाला सांगावं तसं. आबा आधी ऐकत होते, मग त्यांच्या कपाळावरची शीर उठली.

"म्हंजे माझ्या देवानं माणूस मारला म्हणतीस?"

"देवानं नाही आबा. शिशानं."

"शेंदूर मी लावला. शिसं शेंदरात. मग मी मारला म्हण की सरळ! लाजतीस कशाला?"

आई मेथीचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. प्रणोतीला रडू फुटलं. आबा तिच्याकडे बघत राहिले. लहानपणापासून ही पोरगी खोटं बोललेली त्यांना माहीत नव्हती, आणि तेच आता त्यांच्या मुळावर आलं होतं.

"तपासून बघ," शेवटी ते म्हणाले. "म्हसोबाचा शेंदूर न्हे आणि तपास. त्यो न्हवं असं निघालं तर मात्र माझ्यापुढं पुन्यांदा हे काढायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गेटावर आले. म्हसोबाच्या दगडावर शेंदराची पुटं पुटांवर चढली होती. नमस्कार करून आबांनी नखानं एक खपली काढली, तिच्या बाटलीत टाकली, आणि ते तिच्याबरोबरच पुण्याच्या गाडीत बसले. वाटेत कराडला चहा घेतला तो निम्मा टाकला.

यंत्राला काय, देव कळत नाही आणि बापही कळत नाही. दुपारी त्यानं सांगितलं: खपलीतलं शिसं आणि कातळवेळच्या भेगेतलं शिसं एकाच खाणीचं.

गद्रे सरांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आबांनी पाण्याला हात लावला नाही. "कुठं सांगायचं असतंय ते सांगा," ते म्हणाले. "मी सांगतो." आणि चौकशीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यापुढं बसून त्यांनी सगळं सांगितलं, टोपी मांडीवर काढून ठेवून. मिशी उतरवायचं बोललो हुतो तेबी करतो, असं शेवटी म्हणाले, तेव्हा गद्रे सरांनीच कॅमेरा बंद केला.

मोरणं थंड करायचा हुकूम संध्याकाळपर्यंत निघाला. लोकांना वाटतं, अणुभट्टी म्हणजे दिवा, बटण दाबलं की विझला. तसं नसतं. भांडं हळूहळू निववावं लागतं, आणि खरा धोका त्यातच असतो. गार होताना धातू आकसतो, नळ्या ताणल्या जातात आणि आतल्या भेगा उघडायला बघतात. एवढ्या वेळात वाफेची एक झडप हातानं सांभाळायला वाफखोलीत कुणीतरी उभं राहावं लागतं. एकच माणूस, पण राहावं लागतं.

आबांनी रणजितला फोन लावला. प्रणोती शेजारीच होती.

"रणजित, तू आत जाऊ नको."

"आबा, इथं सगळे गडबडलेत. म्हणतायत तुमच्या भांड्यात खोट निघाली. मी म्हटलं शक्यच न्हाई, आमचा बाप—"

"खोट हाय," आबा म्हणाले. "मीच ठेवलीया. मी आत शेंदूर लावला. त्यानं नळ्या खाल्ल्या. कातळवेळचा राऊळ माझ्यामुळं मेला. तुझ्या भांड्यात मी सगळ्यात जास्त लावलाय, लेका. तू बाहेर ये."

मग रणजितचा आवाज आला, एकदम वेगळा, मोठ्या माणसाचा.

"मी बाहेर आलो तर साळोखेचा पोरगा उभा राहणार. त्याचं मागल्या महिन्यात लग्न झालंय. माझ्या बापाचं भांडं, आणि दुसऱ्याच्या पोराला उभा करू? तोंड कुठं दाखवू मग?"

"रणज्या, ऐक माझं..."

"ठेवतो आबा." आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानंतरचे तास प्रयोगशाळेच्या बाकावर आबा आणि प्रणोती शेजारी शेजारी बसून होते. आबा देवाचं नाव घेत नव्हते. घ्यायचं म्हटलं तरी कुणाचं घेणार? ओठ हलायचे आणि थांबायचे.

भांडं फुटलं नाही. निवलं. रणजित घामानं निथळत बाहेर आला.

आत कॅमेरा सोडून बघितलं, तेव्हा ताटाजवळच्या कितीतरी नळ्यांना भेगा होत्या. एकीत तर भिंत कांद्याच्या पातीएवढी उरली होती. प्रणोतीनं ते चित्र बघितलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मोरण्याची भट्टी कातळवेळच्या बरीच नंतर सुरू झाली होती, म्हणून भेगा पार जायच्या राहिल्या होत्या. बस, एवढंच कारण. आणखी थोडे महिने गेले असते तर खेळ खलास होता.

पण हे कारण ऐकायला कुणाला वेळ होता? "एवढ्या भेगा पडल्या तरी भांडं फुटलं न्हाई!" ही बातमी गावात आली आणि तिला पाय फुटले. कातळवेळला एक बोट लावलं होतं, ते फुटलं. मोरण्याला अख्खी पुडी होती, ते राहिलं. म्हणजे राखलं कुणी? दुसऱ्या आठवड्यात म्हसोबापुढे नारळांचा ढीग पडला. टीव्हीवाले परत आले, पण दगडाचे फोटो घ्यायला.

मयेकर सुटले. सुटल्यावर ते प्रयोगशाळेत येऊन गेले. केस पांढरे झाले होते. प्रणोतीनं माफी मागितली तेव्हा म्हणाले, "तुमचो काय दोष? बापाशीक सांगा, टीव्हीवर जसो माझ्या विरुद्ध बोललो, तसो एकदा माझ्यासाठी बोल म्हणावां." आबा बोलायला तयार होते. तडफडत होते म्हटलं तरी चालेल. त्यांनी स्वतः फोन केले. टीव्हीवाले म्हणाले, काका, चमत्काराबद्दल बोलणार असाल तर या. आबांनी त्या दिवशी मिशी उतरवली. आई तीन दिवस त्यांच्या तोंडाकडे बघेना.

भांडी सगळीकडची बंद झाली, दुसरीकडून नवी आली. आबांनी अजाणता केलं म्हणून त्यांना ताकीद देऊन सोडलं होतं, पण आता कायदा कडक झाला. भांड्यात बाहेरचं काहीही घालणाऱ्याला सरळ तुरुंग. रणजितची बदली विदर्भात वैनखेडच्या नव्या भट्टीवर झाली, बढती मिळून. मोरण्याचा शूर माणूस म्हणून त्याचं तिकडे स्वागत झालं.

जायच्या आधी तो घरी आला होता, आणि आबांच्या पाया पडून म्हणाला होता, "आबा, तिकडचं भांडं परराज्यातलं हाय. आपलं न्हाई. थोडा शेंदूर द्या."

"नाव काढू नको," आबा म्हणाले. "त्यानं माणूस मेलाय."

"आणि मी वाचलो ते?"

उत्तर प्रणोतीनं दिलं. पुन्हा पापुद्रा, पुन्हा भेग, पुन्हा महिने. रणजितनं शांतपणे ऐकून घेतलं, "खरं असंल आक्का," म्हणाला, आणि बॅग भरायला उठला. विषय संपला असं तिला वाटलं.

पुढच्या सुट्टीला ती घरी आली. दुपारची वेळ होती. देवघरात हळदी-कुंकवाच्या कोयऱ्यांशेजारी शेंदराची डबी असायची, ती जागा रिकामी होती.

"आई, शेंदराची डबी कुठं आहे?"

आई भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"आई!"

"लेकराला दिली," आई म्हणाली. "असं बघू नको माझ्याकडं. मरणाच्या दारातनं आलेलं पोरगं माझं. एवढ्या लांब, परक्या भांड्यापाशी रिकाम्या हातानं कसं धाडू? तुमचं शिसं-बिसं तुमच्यापाशी ठेवा. आईच्यानं न्हाई म्हणवलं न्हाई."

प्रणोतीनं धावत सोप्यात येऊन फोन लावला. आबा झोपाळ्यावरून उठून जवळ आले. तिनं फोनचा आवाज मोठा केला.

"आक्का! काय म्हणतीस?" रणजित खुशीत होता.

"तू आईकडून शेंदूर नेलास. कुठं आहे तो?"

तो जरा थांबला. "लावला," म्हणाला. "आजच. हात जाईल एवढं झाकण शेवटी बसतं, त्याच्या आधी. साळोखेचा पोरगाबी हाय इथं. सगळी पोरं म्हणाली, मोरण्याचा माणूस आलाय, तर आपल्याबी भांड्याला राखण पाहिजे. न्हाई कसं म्हणायचं?"

"रणजित, आत्ताच्या आत्ता ते झाकण उघड. पुसून काढ. अजून तापवलेलं नाही ना?"

"परवा तापवणार. पण सील बसलंय आता. साहेबाच्या सहीशिवाय उघडत न्हाई. आणि साहेबाला सांगू काय?" मग त्याचा आवाज खाली आला. "आक्का, तू खोटं बोलतीस असं मी म्हणत न्हाई. पण तिथं रोज उभं राहायचं म्हंजे मनाला कायतरी धीर लागतो का न्हाई? तू कधी उभी राहिलीस? आता हे कुणापाशी बोलू नको. बोललीस तर मला आत टाकतील."

फोन बंद झाला. एक-दोन वर्षं काहीच होणार नाही, हे तिला माहीत होतं. पापुद्रा धरेल, न भरता तसाच राहील, भेग चालू लागेल. वरून सगळं नवंकोरं दिसेल. रणजित रोज तिथं उभा राहील, निर्धास्त.

"लाव फोन तुझ्या साहेबाला," आबा म्हणाले.

"आबा, त्याला अटक होईल. मयेकर निर्दोष होते म्हणून सुटले. यानं खरंच केलंय. आणि जाणूनबुजून केलंय."

"म्हाईत हाय."

आई पिठाचे हात घेऊन धावत आली. "काय करताय तुम्ही दोघं? पोटच्या पोराला तुरुंगात घालताय? माणसं हायसा का कोण?" तिनं प्रणोतीचा हात धरला. पीठ फोनला लागलं. "सख्खा भाऊ हाय तुझा! त्यानं झडप सोडली न्हाई, पळाला न्हाई, आणि तू..."

आबांनी आईचा हात धरला आणि अगदी हळू सोडवला. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि बिनमिशीचं तोंड वेडंवाकडं झालं होतं.

"घालू दे आत," ते म्हणाले. "जिता तर ऱ्हाईल."

प्रणोतीनं पीठ पुसलं आणि गद्रे सरांचा नंबर लावला.